सुई आणि संकोच

मधुमेहाचा इतिहास सांगताना औषधाचा इतिहास सांगितला जातो. रोग्याच्या संकोचाचा राहून जातो. आम्हांस आज तो सांगावयाचा आहे.

जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोच्या रुग्णालयात लिओनार्ड टॉम्सन या १४ वर्षांच्या मुलास इन्शुलिन टोचण्यास प्रारंभ झाला. हा रोग जडलेल्या मुलांना त्यापूर्वी मृत्यूवाचून वाट नव्हती. प्राण वाचले खरे. पण काचेची पिचकारी उकळावयाची कोठे, आणि कामावर ती चारचौघांत काढावयाची कशी?

लंडनचे डॉ. रॉबिन लॉरेन्स स्वतः मधुमेही. १९२३ पासून इन्शुलिन घेत त्यांनी रोग्यांची सेवा चालविली. १९३४ मध्ये त्यांनी एच. जी. वेल्स या कादंबरीकारासह मधुमेह्यांची संस्था स्थापिली. वेल्सही मधुमेहीच. थोर लेखकाने आपला रोग झाकून ठेवला नाही, याचे मोल आम्हांस शोधाहून कमी वाटत नाही.

पुढे एकदाच वापरावयाच्या पिचकाऱ्या आल्या. १९८५ मध्ये डेन्मार्कमध्ये खिशात मावणारे इन्शुलिनचे पेन निघाले. उकळण्याची यातायात सरली. उरला तो संकोच, आणि तो रोग्याचा नसून पाहणाऱ्याचा आहे. कचेरीत शेजारी जेवणापूर्वी सुई काढील, तेव्हा त्याला आडोसा शोधावयास न लावणे एवढे तर आपल्या हाती आहे!