स्वस्त कपडा : पेठेंतला आणि दारावर येणारा

स्वस्त कपडा दुकानांत जाऊन घ्यावा कीं घरबसल्या मागवावा, हा वाद हल्लीं घरोघर ऐकूं येतो. एक पक्ष म्हणतो कीं, हात लावून न पाहतां कपडा घेणें म्हणजे पाण्यांत म्हैस आणि बाहेर मोल! दुसरा पक्ष उत्तर देतो कीं, मोबाइलवर शेंकडों दुकानांचा माल एका जागीं पाहावयास मिळतो, भाव पडताळतां येतो, आणि पसंत न पडल्यास माणूस दारावर येऊन वस्तु परत घेऊन जातो. मग गर्दींत धक्के खावयास कोणीं जावें? हा वाद मोबाइलबरोबर जन्मास आला, असें दोन्ही पक्ष धरून चालतात. वस्तुतः तो दीडशें वर्षांचा जुना आहे. आणि जुन्या वादाचा इतिहास पाहिला म्हणजे नव्या वादांतील खरा मुद्दा कोणता व पोकळ कोणता, हें निवडणें सोपें जातें. तो निवडण्याचा यत्न आम्ही येथें करणार आहों.

विचार अधांतरीं न करतां एखाद्या गांवाच्या भूमीवर उभें राहून केलेला बरा, म्हणून आम्ही पिंपरी-चिंचवडच्या उत्तर शिवेवरील चिखली घेतों. वारकरी मंडळी हिला टाळगांव चिखली म्हणून ओळखतात. देहू आणि आळंदी या दोन क्षेत्रांच्या मधला हा टापू. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें; पिंपरी, चिंचवड, भोसरी येथें कारखाने उभे राहिले; पुढें चाकणचा पट्टा वसला; आणि १९९७ सालीं चिखली महापालिकेच्या हद्दींत आली. शेतांच्या जागीं इमारती व पत्र्याचीं गोदामें झालीं. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि उत्तर हिंदुस्थान येथून कामाला आलेलीं कुटुंबें येथें राहूं लागलीं. अशा घरांत आज कपडा तीन वाटांनीं येतो : आठवडे बाजारांतून किंवा पिंपरी कॅम्पांतील दुकानांतून, मोठ्या कंपन्यांच्या साखळी दुकानांतून, आणि मोबाइलवरील मागणीनें. या तिन्ही वाटा कोठून निघाल्या, तें पाहूं.

चिखलीजवळच्याच देहूच्या पेठेची महाजनकी तुकोबारायांच्या घराण्यांत होती, आणि तुकोबांनीं स्वतः दुकान चालविलें होतें. दुष्काळानंतर लोकांकडील येण्याचीं खतें त्यांनीं इंद्रायणींत बुडविलीं, असें परंपरा सांगते. ही कथा आपण वैराग्याची म्हणून ऐकतों. परंतु तींत त्या काळच्या व्यापाराचेंही चित्र आहे. दुकान ही तेव्हां केवळ जागा नव्हती. दुकानदार व गिऱ्हाईक यांच्यामध्यें वहीचा संबंध असे. लुगडें आज न्यावें आणि पैसा सुगीनंतर द्यावा, अशी रीत. वाईट माल गळ्यांत मारणाऱ्या दुकानदारास तेंच गिऱ्हाईक उद्यां देवळांत आणि परवां यात्रेंत भेटावयाचें. ही भीड हीच मालाची हमी होती.

जुन्या दुकानाची थोरवी गाणाऱ्यांनीं मात्र चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या वहीनें उधार मिळे, तीच वही गिऱ्हाइकाचें तोंड बांधून टाकी. देणें डोक्यावर असलेला मनुष्य घासाघीस ती काय करणार? भाव माणूस पाहून सांगितला जाई. आणि ज्यांस समाजानें अस्पृश्य ठरविलें होतें, त्यांस दुकानाच्या ओट्यावर पाऊल ठेवण्याचीही सोय नव्हती. वस्तु दुरून टाकावयाची व पैसा दुरून घ्यावयाचा. हात लावून पाहणें हा ज्या सुखाचा आज एवढा गौरव होतो, तें सुख त्या काळीं सर्वांच्या वांट्यास आलेलें नव्हतें, हें विसरून चालणार नाहीं.

या पेठेंत एकोणिसाव्या शतकांत विलायती कापड शिरलें. लोकहितवादींनीं १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रांतून जीं शतपत्रें लिहिलीं, त्यांतही देशी माल वापरण्याचा उपदेश आहे. १८७७ च्या दिल्ली दरबारास सार्वजनिक काका स्वदेशी खादीचा पोषाख करून गेले. ऑक्टोबर १९०५ मध्यें पुण्यांत विलायती कपड्यांची होळी झाली. इतकें होऊनही स्वस्त कापड हटलें नाहीं. कारण गरिबाला तें परवडत होतें. पण तें स्वस्त कां होतें? एक तर त्याच्या पाठीशीं राजसत्ता होती. १८९६ सालीं सरकारनें येथील गिरण्यांच्या कापडावर शेंकडा साडेतीन कर बसविला तो मँचेस्टरच्या समाधानासाठीं. दुसरें कारण असें कीं, त्यांतील बऱ्याच मालाला चिनी मातीची भरपूर खळ दिलेली असे. दुकानांत हात लावावा तर कापड जाड व घट्ट लागे. दोन धुण्यांत खळ गेली कीं जाळी हातीं येई. ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. त्या गिऱ्हाइकानें कापड दुकानांत जाऊन, स्वतःच्या हातांनीं चाचपून घेतलें होतें, आणि तरीही तें फसलें. केवळ हात असून भागत नाहीं; हाताला परख असावी लागते.

युरोपांत याच सुमारास दुकानाचें रूप पालटत होतें. १८५२ सालीं आरिस्तिद बूसिको हा पॅरिसच्या 'बों मार्शे' दुकानांत भागीदार झाला. पुढें त्यानें वस्तूवर भावाची चिठ्ठी लावली, कोणासही आंत येऊन नुसतें पाहण्याची मुभा दिली, आणि न आवडलेला माल बदलून देण्याची सोय केली. आज मोबाइलची म्हणून वाखाणली जाणारी परतीची सवलत मुळांत दुकानाची आहे! आपल्याकडे १८८२ सालीं कलकत्त्यास निघालेली व्हाइटवे लेडलॉ कंपनी मुंबईच्या हॉर्नबी रस्त्यावर आली. तिचा नियम एकच भाव व रोख पैसा. तिच्या त्या इमारतींत पुढें खादी भांडार नांदलें, हा काळाचा विनोद होय.

घरबसल्या खरेदीचा इतिहासही तितकाच जुना आहे. अमेरिकेंत माँटगोमेरी वॉर्ड यानें १८७२ सालीं शेतकऱ्यांसाठीं मालाची यादी छापून टपालानें विक्री आरंभिली. हिंदुस्थानांत टपालखात्यानें १८७७ सालीं व्ही. पी.ची पद्धत सुरू केली. पोस्टमननें पार्सल दारीं न्यावें, किंमत घ्यावी, आणि ती खात्यानें पाठविणाऱ्यास पोंचवावी. न पाहिलेल्या व्यापाऱ्यावर विश्वास ठेवावयाचा तो सरकारी पोस्टमनच्या मध्यस्थीनें. पुस्तकें, औषधें, घड्याळें, लुगडीं या वाटेनें खेड्यापाड्यांत गेलीं. तिचा दोषही लौकरच दिसला. मागणी करून पार्सल नाकारणारे गिऱ्हाईक काडीचाही खर्च सोशीत नसे. येण्याजाण्याचें टपाल पाठविणाऱ्याच्या माथीं. मासिकांच्या जुन्या संपादकांस या परत आलेल्या व्ही. पीं.नीं किती छळलें, हें मासिकें वाचणाऱ्यांस सांगावयास नको. २०१० सालीं फ्लिपकार्टनें वस्तु हातीं आल्यावर पैसे घेण्याची जी सोय आपल्याकडे रूढ केली, ती याच व्ही. पी.ची नात आहे. आणि आजीचा दोष नातीकडे जसाच्या तसा आला आहे.

म्हणजे एक भाव, मालाची परत, दारावर पैसा या सर्व गोष्टी जुन्या आहेत. मग नवें काय? आमच्या मतें नवा आहे तो कपडा. पूर्वीं कापड विकत घेतलें जाई व कपडा शिंप्याकडे शिवला जाई. घेणारी बाई कापडाचा कोपरा ओला करून रंग चोळून पाही, उजेडासमोर धरून वीण तपासी, पन्हा मोजी, आणि एखादा धागा जाळून पाही; सुताची राख होते व कृत्रिम धाग्याचा कडक मणी होतो. शिंपी शिवणींत माया ठेवी. पोर वाढलें कीं उसवून कपडा मोठा होई. मोठ्याचा धाकट्यास होई. शेवटीं त्याची गोधडी होई किंवा बोहारीण त्याच्या बदल्यांत भांडें देऊन जाई. कपड्याला अशीं चार आयुष्यें होतीं, आणि तीं हिशेबांत धरूनच तो घेतला जाई.

मुंबईंत १८५४ सालीं पहिली कापड गिरणी स्थापन झाली, तेव्हांपासून सव्वाशें वर्षें गिरणगांवानें देशाला कापड पुरविलें. १८ जानेवारी १९८२ रोजीं तेथील सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर तो धंदा पुन्हां सांवरला नाहीं. ज्या फिनिक्स गिरणींत कापड निघे, त्या जागीं आज तयार कपडे विकणारीं दुकानें आहेत! कापड मागें पडलें, तयार कपडा पुढें आला. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनीं पिंपरी कॅम्पांत कष्टानें उभारलेल्या पेठेंतही हाच पालट झाला. मग टाटा समूहाच्या ट्रेंट कंपनीनें २०१६ च्या सुमारास झुडिओ हीं दुकानें काढलीं. मार्च २०२५ अखेर त्यांची संख्या साडेसातशेंच्या वर गेली, आणि तीही ऑनलाइन विक्री न करतां! दुसरीकडे २०१५ सालीं निघालेल्या मीशोनें सुरतेच्या साड्या व कुडते खेड्यांतल्या मोबाइलवर नेले. चिनी शीन कंपनीस २०२० सालीं सरकारनें बंदी केली. २०२५ सालीं ती रिलायन्सच्या हातानें, येथें बनलेला माल घेऊन परतली. स्वस्ताईच्या पाठीशीं किंवा आड राजसत्ता उभी असते, हा १८९६ चा धडा येथेंही लागू पडतो.

आतां मूळ वादाकडे वळूं. चिखलीच्या कामगार स्त्रीस साखळी दुकानानें मान दिला, हें आम्ही निःसंकोच कबूल करतों. कांचेच्या दाराआड तिला जात विचारीत नाहींत, भाव चिठ्ठीवर असतो, आणि कांहीं न घेतां परत फिरतां येतें. मोबाइलनेंही तिला एक स्वातंत्र्य दिलें. पाळी संपवून घरीं आलेल्या बाईला बाजार बंद झालेला असतो. अंगाचें माप परक्या पुरुषापुढें सांगण्याचा संकोच असतो. त्या दोन्हीं अडचणी मोबाइल दूर करतो. दुकानांत कपडा अंगावर घालून पाहतां येतो, हें दुकानाचें बळ. निवड मोठी व वेळेचें बंधन नाहीं, हें मोबाइलचें. या दोहोंत अमकाच मार्ग श्रेष्ठ, असा निवाडा आम्ही देत नाहीं. कारण दोन्ही मार्गांनीं येतो तो बहुधा एकच कपडा आहे : माया नसलेला, विरळ विणीचा, कृत्रिम धाग्याचा, आणि पुढच्या महिन्यांत जुना वाटावा अशा बेतानें काढलेला.

त्या कपड्याची उरलेली किंमत कोण भरतो, हाच आमच्या मतें खरा प्रश्न होय. २४ एप्रिल २०१३ रोजीं बांगलादेशांत राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११३४ माणसें मेलीं; त्यांतील बहुतेक पाश्चात्त्य पेठांसाठीं स्वस्त कपडे शिवणारीं होतीं. परत गेलेल्या पार्सलाचा भार पुष्कळदां सुरतेच्या किंवा तिरुपूरच्या लहान विक्रेत्यावर पडतो, आणि जिने चढउतार करणाऱ्या पोरावर पडतो. शिंप्याच्या हातीं उरतें तें पँट आखूड करणें व चेन बदलणें. मेलेल्या कपड्यालाही गति उरलेली नाहीं. सुती चिंध्या कारखान्यांत यंत्रें पुसावयास चालत. पॉलिएस्टर सुतासारखें टिपीत नाहीं, आणि त्याची गोधडी सुती गोधडीसारखी होत नाहीं. तो कचऱ्यांत जातो व तेथें कुजतही नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, गरिबानें स्वस्त घेऊं नये काय? असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. विलायती कापडाच्या काळीं ज्यांनीं तें केलें, त्यांस गरिबाच्या खिशानेंच उत्तर दिलें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, स्वस्ताईचा हिशेब नगावर न करतां वापरावर करावा. समजा, दोनशें रुपयांचा सदरा आठ वेळां घालून फाटला, तर एका वेळेस पंचवीस रुपये पडले. आठशेंचा ऐंशी वेळां टिकला, तर दहाच. ज्याच्याजवळ एकदम आठशें नाहींत त्याला हा हिशेब कळूनही उपयोग नाहीं, हें खरें. परंतु ज्या घरांत महिन्याला दोनशेंचे चार सदरे येतात, त्या घराला तो खास उपयोगी आहे, आणि चिखलींत अशीं घरें आज थोडीं नाहींत.

राहतां राहिली परख. ती पूर्वीं आईकडून मुलीकडे जात असे आणि तिला शाळा लागत नसे. तयार कपड्याच्या राज्यांत ती एका पिढींत लोपत चालली आहे. दुकानाचा किंवा मोबाइलचा दोष काढण्यापूर्वीं ती सांवरली पाहिजे. घरांतील मुलामुलींस कपडा उलटा करून शिवण पाहावयास, टाक्यांची दाटी मोजावयास, धाग्याची चिठ्ठी वाचावयास आणि सुटलेली शिवण घालावयास शिकविलें, तर दुकानांतला कपडा हातांत घेतां क्षणीं आणि दारावर आलेला पुडकें सोडतां क्षणीं त्यांस कळेल. अशीं गिऱ्हाइकें वाढलीं म्हणजे विकणाऱ्यास, तो पेठेंत बसलेला असो कीं मोबाइलच्या पलीकडे, शिवणींत पुन्हां माया ठेवणें भाग पडेल. तसें न झाल्यास विक्रीचे मार्ग कितीही पालटले तरी चिनी मातीची खळ निराळ्या नांवानें आपल्या अंगावर येतच राहील.