घराला लागून असलेले गॅरेज : बांधण्यापूर्वी आगीपासून सुरक्षिततेची माहिती (चेन्नई)

कोणासाठी?
चेन्नईत स्वतःच्या भूखंडावर लहान घर बांधणाऱ्या आणि घरालगत गाडी ठेवण्याची खोली घेणाऱ्या कुटुंबांसाठी.

स्व-प्रमाणन योजना थोडक्यात
तमिळनाडू शासनाने जुलै २०२४ मध्ये ही योजना सुरू केली. २,५०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर ३,५०० चौरस फुटांपर्यंतचे तळमजला किंवा तळमजला अधिक एक मजला असे निवासी बांधकाम असल्यास, ऑनलाइन एक खिडकी पोर्टलवरून स्व-प्रमाणनाद्वारे परवानगी मिळते. अशा घरांना बांधकाम पूर्णत्वाच्या दाखल्यातून सूट आहे. म्हणजेच गॅरेज सुरक्षित आहे की नाही, हे पाहण्याची मुख्य जबाबदारी मालकाचीच राहते. गॅरेज नकाशात अवश्य दाखवा.

धोका कोणता?
मार्च २०२२ मध्ये तमिळनाडूतील वेल्लोर येथे घरी चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक दुचाकीला रात्री आग लागली. धुरात गुदमरून वडील व मुलीचा मृत्यू झाला. अशा आगीत ज्वाळांच्या आधी धूर घरात शिरतो. म्हणून गॅरेज आणि घर यांच्यामध्ये धूर अडवणारी पक्की आड हवी.

बांधकाम करताना
• भिंत : घर व गॅरेज यांमधील भिंत विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली आणि थेट स्लॅबला भिडलेली असावी. पाइप व वायरची भोके सिमेंटने बुजवावीत.
• छत : दोन्हींवर एकच पत्रा किंवा फॉल्स सीलिंग नको. वरच्या पोकळीतून धूर पसरतो.
• दरवाजा : भरीव, आपोआप बंद होणारा असावा. तो झोपण्याच्या खोलीत उघडू नये.
• उंबरा : पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. इंग्लंडच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मधल्या दरवाजाचा उंबरा गॅरेजच्या जमिनीपेक्षा किमान १०० मिलिमीटर (सुमारे ४ इंच) उंच ठेवतात, किंवा जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार देतात. आपल्याकडेही हे सहज करता येते.
• हवा : जमिनीलगत व वर, दोन्ही ठिकाणी बाहेर उघडणारी जाळी ठेवावी.
• बाहेरची वाट : घरातून बाहेर पडण्याचा मुख्य मार्ग गॅरेजमधून नसावा.

वीज आणि चार्जिंग
चार्जिंगसाठी स्वतंत्र वायरिंग, योग्य अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका. जिन्याखाली किंवा दारासमोर गाडी चार्ज करू नका. गॅस सिलिंडर, रंग, थिनर व सुटे पेट्रोल गॅरेजमध्ये ठेवू नका.

आग लागल्यास
१. सर्वांना बाहेर काढा. मधला दरवाजा बंद करा.
२. बाहेर आल्यावर १०१ किंवा ११२ वर फोन करा.
३. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकू नका. आग लहान असेल व मागे वाट मोकळी असेल, तरच एबीसी पावडरचे अग्निशामक यंत्र वापरा.
४. बॅटरी पेटली असल्यास विझवायला थांबू नका. विझलेली बॅटरी पुन्हा पेट घेऊ शकते.

स्व-प्रमाणनावर सही करण्यापूर्वी
भिंत, दरवाजा, उंबरा, जाळी व वायरिंग या पाच गोष्टी अभियंत्यासोबत नकाशावर तपासा. घर बांधून झाल्यावर त्याच पाच गोष्टी प्रत्यक्ष पाहून घ्या.