रेशनचा गहू आणि घरची ज्वारी

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, आणि ज्वारी-नाचणीला एकदम प्रतिष्ठा आली. मॉलमध्ये त्यांची चकचकीत पाकिटे दिसतात. गरिबाच्या ताटातून हीच ज्वारी उठली, त्याला रेशन दुकानाचा हातभार मोठा, असे माझे मत आहे.

मुंबईत रेशन आले १९४३ साली, महायुद्धाच्या टंचाईत. पुढे १९५६ पासून पीएल-४८० कराराखाली अमेरिकेचा गहू येऊ लागला. १९७२ च्या दुष्काळात मिलो आली. होती ज्वारीच, पण तांबडी. तिकडे ही गुरांना घालतात, असे म्हणत बायका त्याच पिठाच्या भाकऱ्या थापत. कामावर मजुरांना सुकडी मिळे. ते साल निभले ते रेशन आणि दुष्काळी कामांवरच, हे विसरून चालणार नाही.

पण एक गंमत पाहा. आमच्याकडे खेड्यात गव्हाची पोळी सणावाराला, नाहीतर पाहुणा आला तर. रोज भाकरीच. रेशनने सणाचे अन्न रोजचे केले! मग भाकरी खाणे कमीपणाचे वाटू लागले. त्यात २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो झाला. भरडधान्याला १ रुपया दर कायद्यात होता, पण दुकानात बहुधा गहू-तांदूळच. जानेवारी २०२३ पासून तर माणशी ५ किलो धान्य फुकट. बाजारातून महाग ज्वारी कोण आणील? त्या माउलीला दोष देण्यात अर्थ नाही, तिचा हिशेब चोख आहे.

नीरज कौशल आणि फेलिक्स मुचोम्बा यांनी २०१५ साली नेमके हेच मांडले. धान्यावरील सवलतीमुळे गहू-तांदूळ खाणे वाढले, भरडधान्य कमी झाले, आणि एकूण पोषणात मात्र फरक पडला नाही. म्हणजे वाचलेला पैसा आपोआप डाळी-भाजीकडे वळून ताट सुधारतेच असे नाही. तो कुठे जातो, हे वेगळ्या लेखाचा विषय आहे. असो.

२०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने १०० रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. रवा, साखर, हरभराडाळ एकेक किलो आणि पामतेल एक लिटर. सणासाठी ठीकच म्हणा. पण त्या पिशवीत डाळ होती, ही मला त्यातली सर्वांत चांगली गोष्ट वाटली. रोजच्या रेशनमध्ये, गहू-तांदळाशेजारी, ती का नसावी?