पाच सेकंदांची कसोटी

३१ ऑगस्ट १८५८ रोजी पिलीभीतजवळ सिरपुरा इथं झालेल्या चकमकीत सॅम्युएल ब्राउन नावाच्या इंग्रज कप्तानाचा डावा हात खांद्यापासून तुटला. पंजाब घोडदळाचा हा अधिकारी एका स्वाराला बरोबर घेऊन उठावातल्या सैनिकांच्या तोफेवर चालून गेला होता. तलवारीचा एक वार डाव्या गुडघ्यावर बसला आणि दुसऱ्यानं हात गेला. तो वाचला, त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि पुढं कित्येक वर्षं तो नोकरीतही राहिला. पण त्या काळी तलवार कमरपट्ट्याला लोंबत असे आणि म्यान डाव्या हातानं सावरावं लागे. ब्राउनला तो हातच नव्हता. त्यानं उजव्या खांद्यावरून तिरपा येणारा दुसरा पट्टा जोडला, म्यानाचं ओझं त्याच्यावर टाकलं आणि उजव्या कमरेला झाकणाच्या चामडी घरात पिस्तूल पक्कं बसवलं. आपल्याकडचे पोलीस अधिकारी आजही परेडला जो क्रॉस बेल्ट घालतात, तो हाच 'सॅम ब्राउन'.

मी पोलीस खात्यात आर्मोरर होतो. नोकरीची बहुतेक वर्षं जिल्हा मुख्यालयाच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात गेली. रिव्हॉल्व्हर, पिस्तुलं, कार्बाइन उघडायची, पुसायची, तेल द्यायचं, रजिस्टरला नोंद करायची. इतक्या वर्षांत हत्याराविषयी विचारणारे पुष्कळ भेटले. गोळी कुठवर जाते, मॅगझिनमध्ये किती बसतात, कुठल्या देशाचं चांगलं. ते ज्यात ठेवायचं त्या होल्स्टरविषयी विचारणारे फार थोडे. मला मात्र याच वस्तूचा नाद लागला. पिस्तूल कमरेला लागतं ते बारा तास, आणि बाहेर निघतं ते बहुतेकांच्या बाबतीत नोकरीभरात एकदाही नाही. त्या बारा तासांची सगळी जबाबदारी होल्स्टरवर असते.

सॅम्युएल कोल्टला रिव्हॉल्व्हरचं अमेरिकी पेटंट मिळालं १८३६ साली. १८४७ चं त्याचं वॉकर रिव्हॉल्व्हर दोन किलोच्या आसपास वजनाचं होतं. ते कमरेला लावणं कठीणच, म्हणून खोगिराच्या पुढं दोन बाजूंना जोडीनं अडकवलेल्या चामडी घरांतून नेत. रिव्हॉल्व्हर हलकी झाली तशी कमरेवर आली. अमेरिकेच्या यादवी युद्धात घोडेस्वारांना मोठ्या झाकणाचं, पितळी गुंडीचं होल्स्टर मिळे. लष्कराला चिंता होती पावसाची, चिखलाची आणि उधळलेल्या घोड्याची. त्या तिन्हींना झाकण पुरून उरे. हत्यार काढायला वेळ लागे खरा, पण स्वाराचं मुख्य हत्यार हातातच असे.

युद्धानंतर पश्चिमेकडच्या गावांतून ते झाकण कापलं गेलं. मूठ मोकळी, रिव्हॉल्व्हरचा घोडा (हॅमर) मोकळा. सिनेमात दिसणारं, मांडीला दोरीनं बांधलेलं खालचं होल्स्टर मात्र त्या काळातलं नव्हे. ते १९५० च्या दशकातल्या हॉलिवूडचं. आर्वो ओहाला नावाच्या प्रशिक्षकानं चामड्याच्या आत धातूचा पत्रा घालून नटांसाठी ते बनवलं. खऱ्या पश्चिमेत काय होत होतं ते कॅन्सासमधल्या विचिटा गावच्या एका प्रसंगावरून कळतं. ९ जानेवारी १८७६ च्या रात्री तिथला पोलीस शिपाई वायट अर्प सलूनच्या मागच्या खोलीत खुर्चीवर बसला होता. त्याचं रिव्हॉल्व्हर होल्स्टरमधून घसरलं, घोडा खुर्चीवर आपटला आणि गोळी सुटली. ती त्याच्या कोटातून आरपार गेली, भिंतीला लागली आणि छतातून बाहेर पडली. स्थानिक वर्तमानपत्रात ही बातमी छापून आली. पुढं ज्याच्या नावावर इतके सिनेमे निघाले, त्याचं हत्यार शत्रूनं हिसकावलं नव्हतं. खुर्चीत मागं रेलल्यावर ते आपणच खाली पडलं होतं. त्या रिव्हॉल्व्हरचा घोडा भरलेल्या काडतुसावर टेकून राही, म्हणून जाणते लोक सहातलं एक घर रिकामं ठेवत. तरी होल्स्टरनं ते धरून ठेवलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

हत्यार बनवणाऱ्यांनी आपल्या बाजूनं सुधारणा केल्या. १९४४ मध्ये अमेरिकी नौदलाच्या जहाजावर एक स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर डेकवर पडून गोळी सुटली आणि एक खलाशी मेला. त्यानंतर कंपनीनं घोड्याखालचा अडसर नव्यानं घडवला. होल्स्टर बनवणारे मात्र त्याआधीपासूनच उलट्या दिशेनं पळत होते. १९२० च्या दशकात टेक्सासमधल्या एल पासोच्या मायर्स या खोगीर बनवणाऱ्यानं टॉम थ्रीपर्सन्स या कायदा अधिकाऱ्यासाठी अगदी आखूड होल्स्टर बनवलं. त्यात मूठ बाहेर, घोडा बाहेर आणि चापही बाहेर. हात मारला की बोट थेट चापावर. पोलिसांनी ते डोक्यावर घेतलं आणि त्याचेच अवतार पुढं अनेक वर्षं चालले. नेमबाजीच्या मैदानावर हत्यार काढायला सेकंदाचा कितवा हिस्सा लागला ते मोजायचे. गर्दीत मागून कुणी हात घातला तर काय, हे मोजायची पद्धतच नव्हती.

१९३० च्या दशकात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शिंपल्यासारखं उघडणारं एक होल्स्टर निघालं. आत स्प्रिंग, चापाच्या कडीत बोट घालून दडलेलं बटण दाबलं की दोन्ही शिंपा फटकन उघडत आणि रिव्हॉल्व्हर हातात येई. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी आणि कॅलिफोर्नियाच्या महामार्ग पोलिसांनी ते वापरलं. ज्याला बटण ठाऊक नाही त्याला हत्यार काढता येऊ नये, ही त्यामागची कल्पना चांगली होती. पण ते उघडायला चापाच्या जागीच बोट दाबायचं, म्हणजे घाबरलेल्या क्षणी तेच बोट तसंच दाबलेलं राहून चापावर जाणार. आर्मोरर म्हणून मला ही रचना पाहूनच अंगावर काटा येतो. दुर्दैव असं की या शतकात प्लॅस्टिकच्या होल्स्टरमध्ये हीच चूक पुन्हा झाली. बाहेरच्या अंगाला तर्जनीनं दाबायचं बटण असलेली होल्स्टरं जगभर खपली. बटण दाबलेलं बोट हत्यार वर येताना सरकत चापावर गेलं आणि लोकांनी स्वतःच्याच मांडीत गोळ्या मारून घेतल्या. अमेरिकेतल्या बऱ्याच प्रशिक्षण केंद्रांनी त्यांच्यावर बंदी घातली.

चामड्यात खरा बदल झाला तो पोलीस मेल्यावर. १९६० आणि ७० च्या दशकात अमेरिकेत झटापटीत पोलिसाचंच हत्यार हिसकावून त्याच्यावर चालवण्याचे प्रकार इतके झाले की कॅन्सास सिटीच्या पोलीस अकादमीत जिम लिंडेल यांनी हत्यार राखण्याचं वेगळं शिक्षणच सुरू केलं. मुठीवर दुसऱ्याचा हात पडला तर आपला हात कुठं, कंबर कुठं वळवायची, मनगट कसं सोडवायचं. झटापटीची ही विद्या चांगलीच होती. पण हत्यार नुसत्या एका चामडी पट्टीनं आणि टिचबटणानं धरलेलं असेल तर विद्येला वेळच मिळत नाही. ते टिचबटण रोज उघडून उघडून सैल होतं हे मी हातानं अनुभवलंय.

इथं बिल रॉजर्स हा माणूस येतो. एफबीआयची नोकरी केलेला हा गृहस्थ १९७० च्या दशकात फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये होल्स्टर बनवू लागला. विमानाच्या आतल्या भागांसाठी काढलेलं कायडेक्स नावाचं प्लॅस्टिक गरम करून हत्याराच्या आकाराचं घर साकारता येतं, हे ओळखणाऱ्या पहिल्या लोकांत तो होता. त्याचं माझ्या लेखी सर्वात मोठं काम म्हणजे त्यानं ठरवलेली कसोटी. होल्स्टर पट्ट्यावर, हत्यार आत, सगळे अडसर लावलेले. दुसऱ्या माणसानं फक्त मूठ धरायची आणि पूर्ण ताकदीनं, हव्या त्या दिशेला, पाच सेकंद ओढायचं. हत्यार आत राहिलं आणि होल्स्टर पट्ट्याला चिकटून राहिलं तर पहिली पातळी. मग हत्यार काढण्याच्या क्रमातला पहिला अडसर उघडायचा आणि पुन्हा पाच सेकंद. तरी धरलं तर दुसरी पातळी. आणखी एक उघडून पुन्हा टिकलं तर तिसरी. म्हणजे पातळी हा अडसरांचा नुसता आकडा नाही. आज कित्येक वेष्टनांवर 'लेव्हल २', 'लेव्हल ३' छापलेलं असतं, आणि बनवणारा आपल्या मनानं खटके मोजून तो आकडा लिहितो. रॉजर्सच्या पाच सेकंदांशी त्याचा संबंध असेलच असं नाही. पट्ट्याचा लूप तुटून होल्स्टरसकट हत्यार गेलं तर आतले तीन खटके कोणाच्या कामाचे?

१९८५ मध्ये रॉजर्सचा धंदा सफारीलँड या कंपनीत गेला आणि तिथून ही होल्स्टरं अमेरिकी पोलिसांत पसरली. पुढच्या रचनांत मुठीमागं फिरणारी कमान आली, ती अंगठ्यानं खाली दाबून पुढं ढकलायची. नंतर पिस्तूल आत सरकवलं की आपोआप अडकणारी आतली कडी आली, तीही अंगाकडच्या बाजूच्या अंगठ्याच्या कळीनं सुटणारी. दोन्ही कामं अंगठ्याची. तर्जनी सरळ, हत्याराच्या बाजूला, चापापासून लांब. मला यातला विचार फार मोलाचा वाटतो: मालकाचा हात मुठीवर पडतो तेव्हा अंगठा आपोआप तिथंच येतो, आणि ओढणाऱ्याचा सहजासहजी येत नाही. तरीही १९९४ ते २००३ या दहा वर्षांत अमेरिकेत गुन्हेगारांनी मारलेल्या ६१६ पोलिसांपैकी ५२ जण स्वतःच्याच हत्यारानं मेले. होल्स्टर चांगलं असून भागत नाही, सराव लागतो.

आपल्याकडं सॅम ब्राउनचं झाकण बराच काळ टिकलं. पॉइंट ३८ रिव्हॉल्व्हर, पुढं ईशापूरचं ९ मिलिमीटरचं पिस्तूल, आणि त्यासाठी तपकिरी चामड्याचं किंवा खाकी कॅनव्हासचं झाकणाचं होल्स्टर. मुठीच्या तळाच्या कडीत लॅनयार्ड. या दोरीनं हत्यार हरवत नाही, पळताना पडलं तरी लोंबकळत राहतं. पण दुसऱ्याच्या मुठीत गेलेलं पिस्तूल दोरीला बांधलेलं असलं तरी चालतंच. झाकणाचं होल्स्टर हिसकावणाऱ्याला खरंच अवघड. अडचण अशी की ते मालकालाही अवघड. त्यामुळं गणपती विसर्जनाच्या बंदोबस्ताला निघताना साहेब लोक झाकणाची गुंडी आधीच सोडून ठेवत. ऐन गर्दीत, चारी बाजूंनी माणसं अंगाला घासत असताना, एकमेव अडसर उघडा. मी कितीदा तरी हत्यार देताना ती गुंडी माझ्या हातानं लावून दिली आहे.

कोकणात बदली झाली तेव्हा चामड्याचा दुसरा स्वभाव कळला. आषाढात चामडं ओल धरतं आणि सोडत नाही. त्यात रात्रभर राहिलेल्या पिस्तुलाच्या नळीवर सकाळी तांबूस ठिपके, आणि चामडी घरांतल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवा थर चढलेला. म्हणून आम्ही हत्यार होल्स्टरमधून काढूनच कोतात ठेवायचो. नंतर काही जणांनी बाजारातून नायलॉनची होल्स्टरं आणली, हलकी, स्वस्त, ओल न धरणारी. कुठल्याही पिस्तुलाला बसणारी, म्हणजे खरं तर कुठल्याच पिस्तुलाला नीट न बसणारी. हत्यार बाहेर निघालं की त्यांचं तोंड मिटतं. परत घालायला दुसरा हात लागतो, आणि मिटलेल्या कापडाची घडी किंवा पट्टी चापाच्या कडीत शिरू शकते. देशातल्या खास पथकांकडं आता ग्लॉक पिस्तुलं आहेत. त्यांना बाहेरून सेफ्टीचा खटका नाही. अशा पिस्तुलाचा चाप कडक कवचानं पूर्ण झाकलेला नसेल तर ते कमरेला लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नवे फौजदार कधी घरी येतात, होल्स्टर दाखवतात. मी ते हातात घेऊन आधी चापाची जागा बघतो: बाहेरून बोट, काडी, जाकिटाची दोरी, काहीही आत जाऊ शकतं का. मग तोंड दाबून बघतो, रिकामं असताना मिटतं का. मग पट्टा. विजारीच्या नाड्यासारखा लुळा पट्टा असेल तर होल्स्टर कितीही भारी घेतलं तरी फुकट. कडक, रुंद, होल्स्टरच्या लूपमध्ये घट्ट बसणारा हवा. कुठल्या बोटानं सुटतं तेही बघतो. तर्जनीनं सुटत असेल तर परत करायला सांगतो. मग रिकाम्या, दोघांनी तपासलेल्या पिस्तुलानं, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, रॉजर्सचे पाच सेकंद. एकानं मूठ धरून ओढायचं, दुसऱ्यानं घड्याळ बघायचं. दुकानदार हे करू देत नसेल तर दुसरं दुकान बघावं.

शेवटी एक विनंती, साहित्य खरेदीच्या फायलींवर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांना. नव्या पिस्तुलांची मागणी करताना त्याच मागणीत त्याच मॉडेलचं, अंगठ्यानं सुटणारं होल्स्टर आणि त्याला साजेसा पट्टा लिहा, आणि वर्षाच्या फायरिंगबरोबर हत्यार राखण्याचा सरावही सक्तीचा करा. हिसकावलेल्या पिस्तुलाची चौकशी करण्यापेक्षा हा खर्च नक्कीच कमी आहे.