विजेचे छायाचित्रण, रात्रीचे (हिंगोली जिल्हा)

रात्री आभाळात लखलखणारी वीज कॅमेऱ्यात टिपण्याची रीत. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ या तालुक्यांत तिची खरी संधी वळवाच्या दिवसांत आणि पुन्हा परतीच्या पावसात मिळते. भर पावसाळ्यात आभाळ सलग भरलेले असते आणि वीज सरींच्या आड नुसता उजेड पाडून जाते. वळवाचा ढग मात्र सुटा, उंच वाढलेला आणि लांबून अख्खा दिसणारा असतो. हे काम चपळाईचे मानले जाते, पण वीज बहुधा अर्ध्या सेकंदाच्या आत संपते आणि डोळ्याने पाहून बोट दाबेपर्यंत त्यातला बराच वेळ सरतो. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, फोकस दूरच्या दिव्यावर हाताने पक्का करून, शटर १० ते ३० सेकंद उघडे ठेवायचे आणि वीज आपणहून चौकटीत येण्याची वाट पाहायची. शटर इतका वेळ उघडे राहिले तर वीज जळून पांढरी पडेल, ही शंका रास्त वाटते, पण टिकत नाही. वीज स्वतः क्षणभरच प्रकाश देते. तिचा उजळपणा अ‍ॅपर्चर आणि आयएसओ ठरवतात, तर शटरचा वेळ ठरवतो तो आभाळाचा व गावातल्या दिव्यांचा उजेड. आयएसओ १०० आणि एफ ८ पासून सुरुवात करावी. हिंगोली शहराचे दिवे चौकटीत असतील तर वेळ कमी करावा, उघड्या माळावर वाढवावा. कॅमेऱ्यातील ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंदच हवे, कारण ते चालू असले की प्रत्येक छायाचित्रानंतर कॅमेरा तेवढाच वेळ आंधळा होतो. प्रकाश ओळखून शटर उघडणारे यंत्र दिवसा उपयोगी पडते, कारण एका विजेत अनेकदा एकाहून अधिक झोत असतात आणि पहिला हुकला तरी पुढचा मिळतो. रात्री त्याची गरज नाही.

जवळची वीज अधिक भव्य दिसेल, हा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण तो माणसाला सिद्धेश्वर धरणाच्या काठावर किंवा एकट्या झाडाखाली नेऊन उभा करतो. १२ किलोमीटर उंचीचा ढग २० किलोमीटरवरून क्षितिजाच्या वर सुमारे ३० अंशांत मावतो. २ किलोमीटरवरून तो चौकटीबाहेर जातो, आणि लेन्सवर थेंब पडतात ते वेगळेच. म्हणजे चांगल्या चित्राला जे अंतर लागते, तेच जिवालाही लागते. लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असेल, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या मोटारीत जावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातील विजांची सूचना देते. शेतकऱ्यांसाठी ते मोलाचे आहेच, पण कॅमेरा कोणत्या दिशेला रोखावा हेही त्यावरून कळते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.