ठिणगी नेमकी केव्हा?

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा व इंधनाचे मिश्रण दाबले जाते आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने ते पेटते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र ही ठिणगी नेमकी केव्हा पडावी, यावर इंजिनाची ताकद, इंधनाचा खप आणि खुद्द इंजिनाचे आयुष्य अवलंबून असते. कारखान्यातून येणाऱ्या गाडीत हे काम निर्मात्याने बसवलेला संगणक बिनबोभाट करतो. शर्यतीच्या किंवा हौसेने नव्याने बांधलेल्या गाडीत बाजारातून घेतलेली स्वतंत्र नियंत्रण प्रणाली बसवली, की ही वेळ ठरवण्याची जबाबदारी बसवणाऱ्यावर येते.

सिलिंडरमधील मिश्रणाचा स्फोट होत नाही. ज्वाळा प्लगपासून सुरू होऊन पसरत जाते आणि त्याला काही काळ लागतो. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, सर्वोच्च स्थानावरून खाली उतरू लागल्यावर क्रँकशाफ्ट सुमारे १५ अंश फिरेपर्यंत दाब शिगेला पोहोचला, तर सर्वाधिक काम मिळते. त्यासाठी ठिणगी दट्ट्या वर पोहोचण्यापूर्वीच पडावी लागते. या आगाऊपणालाच ‘अॅडव्हान्स’ म्हणतात आणि तो क्रँकशाफ्टच्या अंशांत मोजतात. इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असताना क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात ५.४ अंश फिरतो. ६००० फेऱ्यांना तो तेवढ्याच वेळात ३६ अंश फिरतो. वेग वाढला की सिलिंडरमधील खळबळही वाढते व ज्वाळा अधिक जलद पसरते. तरीही वेगानुसार ठिणगी आधी आणावी लागतेच.

हे काम पूर्वी चालकच करीत असे. १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या फोर्ड ‘मॉडेल टी’ मोटारीत स्टिअरिंगच्या डावीकडे त्यासाठी एक दांडी होती. ती मागे घेण्यास विसरून हँडल मारले, तर इंजिन उलटा झटका देई आणि प्रसंगी मनगट मोडत असे. पुढे डिस्ट्रिब्युटरमधील फिरती वजने व निर्वात पोकळीवर चालणारी डबी यांनी ही जबाबदारी घेतली. २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झालेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचे टायमिंग लावताना मेकॅनिक हा डिस्ट्रिब्युटरच किंचित फिरवीत असे.

आता त्याची जागा लॅपटॉपने घेतली आहे. अमेरिकेतील ब्रूस बोलिंग व अल ग्रिपो यांनी विकसित केलेली ‘मेगास्क्वर्ट’ ही या प्रकारातील एक परिचित प्रणाली. स्वतः जोडून घेता येणाऱ्या या प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीत केवळ इंधनाचे नियंत्रण होते. पुढील आवृत्त्यांत ठिणगीचेही आले. मात्र अशी कोणतीही प्रणाली प्रत्यक्ष दट्ट्या पाहू शकत नाही. क्रँकशाफ्टवरील दातेरी चाक आणि त्यासमोरील सेन्सर एवढाच तिचा आधार. ३६ दात्यांच्या चाकात एक किंवा ६० दात्यांच्या चाकात दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. ही रिकामी जागा सेन्सरसमोरून गेल्यानंतर किती अंशांनी पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या वर येतो, हे प्रणालीला सांगावे लागते. हा आकडा १० अंशांनी चुकला, तर पडद्यावर २५ दिसत असताना ठिणगी प्रत्यक्षात ३५ अंशांवर पडू शकते. पडद्यावर दिसते ती प्रणालीची समजूत असते, मोजमाप नव्हे. हौशी मंडळींची इंजिने बहुधा येथेच फसतात.

म्हणून पहिले काम दट्ट्याचे सर्वोच्च स्थान शोधण्याचे. पुलीवरील खुणेवर डोळे झाकून विसंबू नये. पुलीचे बाहेरील कडे रबरावर बसवलेले असेल, तर जुन्या इंजिनात ते सरकलेले असू शकते. बॅटरी सोडवून, सर्व प्लग काढून, पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी दट्ट्याला अडवणारा थांबा बसवावा. क्रँकशाफ्ट हाताने सावकाश दोन्ही दिशांनी अडेपर्यंत फिरवून पुलीवर दोन खुणा कराव्यात. त्या दोहोंचा मध्य हेच सर्वोच्च स्थान.

त्यानंतर सॉफ्टवेअरमध्ये ठिणगीची वेळ तात्पुरती एकाच आकड्यावर, समजा १० अंशांवर, स्थिर करावी. पहिल्या प्लगच्या तारेला टायमिंग लाइटचा चिमटा लावून इंजिन सुरू करावे. प्रत्येक ठिणगीसरशी हा दिवा लुकलुकतो आणि फिरती खूण जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. ती १० अंशांवर दिसेपर्यंत सॉफ्टवेअरमधील चाकाचा कोन दुरुस्त करावा. एका फेऱ्यात प्रत्येक प्लगवर ठिणगी पाडणाऱ्या जोडकॉइल पद्धतीत काही डिजिटल दिवे चुकीचा आकडा दाखवतात; अशा वेळी दिव्याचे समायोजन शून्यावर ठेवून पुलीवरील अंशच वाचावेत.

काम येथे संपत नाही. इंजिनाचा वेग ३००० फेऱ्यांपर्यंत नेऊनही खूण १० अंशांवरच राहिली पाहिजे. वेगाबरोबर ती संथपणे सरकत असेल, तर सेन्सरच्या तारा उलट जोडल्या गेल्या असाव्यात किंवा विद्युतमंडलातील विलंबाची भरपाई सॉफ्टवेअरमध्ये करावी लागेल. ती इकडेतिकडे उडत असेल, तर सेन्सरची पकड व तारांतील विद्युत गोंगाट तपासावा. तपासणी पूर्ण झाल्यावर वेळेचे स्थिरीकरण काढण्यास विसरू नये.

यानंतरच अॅडव्हान्सच्या तक्त्याकडे वळावे. त्यात एका बाजूस वेग व दुसऱ्या बाजूस इंजिनावरील भार असतो. हलक्या भाराचे विरळ मिश्रण सावकाश जळते, म्हणून तेथे ३० ते ४० अंश चालू शकतात. पूर्ण भाराला त्याहून कमी, तर टर्बोच्या दाबाखाली आणखी कमी लागतात. आरंभ सावध आकड्यांनी करून डायनॅमोमीटरवर एकेक अंश वाढवावा आणि टॉर्क वाढायचा थांबला की तेथेच थांबावे. ज्वाळा पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील मिश्रण आपोआप पेटू लागले, तर ‘नॉकिंग’ होते. त्याने दट्ट्याला भोक पडू शकते. मोठ्या वेगात हा आवाज सायलेन्सरच्या गोंगाटात बुडतो, त्यामुळे केवळ कानावर भिस्त ठेवणे धोक्याचे. भारतात २०२० मध्ये लागू झालेल्या बीएस-६ मानकात साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक किमान ९१ आणि उच्च प्रतीच्या पेट्रोलचा ९५ ठरवला होता. परदेशी गाडीचा तयार तक्ता जसाच्या तसा उतरवण्यापूर्वी तो कोणत्या इंधनासाठी होता, हे पाहणे अगत्याचे. अतिउशिरा पडणारी ठिणगीही निरुपद्रवी नसते. तिच्यामुळे उष्णता एक्झॉस्टमध्ये जाऊन झडपा व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतात.

कायद्याचीही एक मर्यादा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा फेरबदल वाहनात करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. त्यामुळे अशा प्रणालीचे योग्य स्थान शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्पर्धेसाठी बांधलेल्या गाडीत. तेथेही सेन्सर, चाक वा पुली यांपैकी काहीही उघडले, तर टायमिंग लाइट पुन्हा लावून पाहावा. या तपासणीस दहा-पंधरा मिनिटे लागतात. बिघडलेले इंजिन खोलून पुन्हा बांधण्यास कित्येक दिवस.