चिठ्ठी, घोडा आणि २७५ गुण

अरविंद घोष १८९० साली इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या लेखी परीक्षेत अकरावे आले. ग्रीक-लॅटिनवर त्यांची हुकूमत होती आणि पुढची दोन वर्षांची उमेदवारीही त्यांनी केंब्रिजमध्ये पार पाडली. आता राहिला होता फक्त घोडा. कलेक्टराने तालुक्याचा दौरा करायचा तो घोड्यावरून, तेव्हा साहेबाची मांड पक्की हवी, असा सरकारचा हिशेब होता आणि त्या काळात तो गैरही नव्हता. वूलिचच्या मैदानावर त्यांना पुन्हा पुन्हा बोलावणे आले, पण ते वेळेवर पोचलेच नाहीत. आपण हे जाणूनबुजून केले, असे पुढे त्यांनीच सांगून ठेवले आहे. १८९२ मध्ये त्यांचे नाव यादीतून कमी झाले. त्याच सुमारास सयाजीराव गायकवाड लंडनमध्ये होते. त्यांनी या तरुणाला महिना २०० रुपयांवर बडोद्याच्या नोकरीत घेतले. सिव्हिल सर्व्हिसच्या तोडीचा माणूस एवढ्या पगारात मिळाला, यावर महाराज खूश होते म्हणतात.

उत्तरपत्रिकेत न मावणारा माणूस पारखून घ्यायची सरकारची हौस मात्र त्या घोड्यापाशी थांबली नाही. पुढे ती घोड्यावरून उतरली आणि टेबलाच्या पलीकडे जाऊन बसली. तिलाच आज आपण मुलाखत म्हणतो. ही मुलाखत परीक्षेच्या धाकट्या बहिणीसारखी दिसते खरी, पण तिचे मूळ घराणे परीक्षेआधीचे आहे. ते घराणे चिठ्ठीचे.

अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या कारकुनांना ‘रायटर’ म्हणत. या जागेसाठी पोरसवदा इंग्रज मुलांनी केलेले अर्ज लंडनच्या दप्तरात अजून जपलेले आहेत. अर्जाला जोडायची कागदपत्रे ठरलेली असत. वयासाठी चर्चमधला बाप्तिस्म्याचा दाखला, आणि जमाखर्च व व्यापारी हिशेब शिकल्याबद्दल एखाद्या मास्तराचे प्रमाणपत्र. आजच्या अर्जाला जोडतात त्या जन्मदाखल्याचे आणि गुणपत्रिकेचे हे खापरपणजोबा. पण अर्जातला वजनदार भाग तिसराच असे. कंपनीच्या कोणत्या संचालकाने नाव सुचवले आहे, यावर सारे ठरायचे. संचालकांना दरवर्षी जागा वाटून मिळत आणि ते त्या भाचे-पुतणे, मित्रांची मुले, राजकारणातले उपकारकर्ते यांच्यात वाटून टाकत. काहींनी विकल्याही. हा बाजार इतका वाढला की १८०९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला त्याची चौकशी करावी लागली.

आपल्याकडेही तेव्हा निराळे चित्र नव्हते. मामलेदार कचेरीत जागा हवी असेल तर कुणा कारभाऱ्याच्या ओळखीने आत शिरायचे, बिनपगारी नकला उतरायच्या, निरोप पोचवायचे आणि एखादा कारकून मरेपर्यंत किंवा त्याची बदली होईपर्यंत वाट पाहायची. अशा उमेदवारांनी कचेऱ्यांच्या ओसऱ्या भरलेल्या असत. हस्ताक्षर कसे आहे, मोडी किती झरझर चालते, साहेबासमोर जीभ किती सैल सुटते, हे सगळे त्या फुकट राबण्याच्या काळात नजरेखालून जाई. एका अर्थाने तीच मुलाखत होती. फक्त ती वर्षानुवर्षे चाले.

१८५३ च्या सनदी कायद्याने संचालकांचा हा हक्क काढून घेतला. पुढच्या वर्षी थॉमस मेकॉलेच्या समितीने नव्या परीक्षेचा आराखडा दिला आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली स्पर्धा परीक्षा झाली. त्याच १८५४ साली खुद्द इंग्लंडच्या सरकारी नोकऱ्यांसाठी परीक्षा हवी, असा अहवाल स्टॅफर्ड नॉर्थकोट आणि चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी दिला. ट्रेव्हेलियन हे मेकॉलेचे मेहुणे. म्हणजे वशिल्याची मुळे उखडण्याचे कामही घरच्या घरीच चालले होते!

मेकॉले समितीचे गुणांचे कोष्टक वाचण्यासारखे आहे. एकूण गुण ६,८७५. त्यात इंग्रजी भाषा, साहित्य आणि इतिहासाला १,५००, गणिताला १,०००, ग्रीकला ७५०, लॅटिनला ७५०, संस्कृतला ३७५ आणि अरबीलाही ३७५. वय, आरोग्य आणि चारित्र्य यांचे दाखले वेगळे, पण व्यक्तिमत्त्वाला एकही गुण नाही. शिवाय ज्या राज्यकारभारासाठी माणूस नेमायचा, त्या देशाच्या भाषेला अथेन्सच्या निम्मे मोल. हिंदी मुलांसाठी दार उघडे होते खरे, पण ते लंडनला होते आणि उंबरठा ग्रीकचा होता.

तरीही काहींनी तो ओलांडला. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर उत्तीर्ण झाले. या सेवेतले ते पहिले हिंदी अधिकारी आणि त्यांची नेमणूक झाली ती मुंबई इलाख्यात. सोलापूर, सातारा भागांत त्यांनी न्यायाधीश म्हणून काम केले, मराठी शिकून घेतली आणि तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. १८६९ मध्ये चौघे हिंदी तरुण एकदम यशस्वी झाले. तिघे बंगाली आणि चौथे मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. निकाल लागला आणि ठाकूर व सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांची नावे यादीतून खोडली गेली.

कारण होते अर्जातला वयाचा रकाना. मर्यादा २१ वर्षांची. अर्जातले वय आणि पूर्वी मॅट्रिकच्या वेळी विद्यापीठात नोंदवलेले वय जुळेना. आपल्याकडे ‘सोळावे चालू आहे’ म्हणजे वय सोळा सांगायची रीत होती. इंग्रजी रीत पुऱ्या झालेल्या वर्षांची. परीक्षा घेणाऱ्या लंडनच्या आयोगाला यात लबाडी दिसली. सुरेंद्रनाथ क्वीन्स बेंच कोर्टात गेले, हिंदी कालगणनेचे पुरावे मांडले आणि आयोगाने माघार घेतली. दोघांचीही नावे परत आली. अर्ज भरताना प्रत्येक तारीख शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहावी, हा उपदेश आज प्रत्येक क्लासवाला करतो. त्यामागे एवढे जुने प्रकरण आहे, हे त्यालाही ठाऊक नसते.

क्लासवाल्यांचा उगमही त्याच लंडनमधला. स्पर्धा सुरू होताच तिची घोकंपट्टी करून देणारी दुकाने निघाली. ‘रेन अँड गर्नी’ हे त्यांतले नावाजलेले. सिव्हिल सर्व्हिसच्या यादीत त्यांची मुले ढिगाने झळकत. मग तक्रार सुरू झाली की ही मुले हुशार आहेत, पण ‘जंटलमन’ नाहीत. पुस्तकी आहेत, खानदानी रुबाब नाही. हे सरळ म्हणायची सोय नव्हती, म्हणून चारित्र्य, बाणा, नेतृत्व असे सभ्य शब्द आले. मुलाखतीच्या जन्मवेळी हाच सूर घरात घुमत होता.

प्रत्यक्ष जन्म झाला तो पहिल्या महायुद्धाच्या काळात. स्टॅन्ली लीद्स यांच्या समितीने १९१७ मध्ये वरिष्ठ सेवांच्या परीक्षेत तोंडी परीक्षेला ३०० गुण द्यावेत असे सुचवले. ज्ञान तपासायला लेखी परीक्षा आहेच. तोंडी परीक्षेत तपासायची ती तरतरी, बुद्धी आणि एकूण दृष्टी. टेबलाच्या एका बाजूला प्रौढ, अनुभवी मंडळी आणि दुसऱ्या बाजूला एकटा उमेदवार, ही मांडणी तिथून पक्की झाली. १९२२ पासून परीक्षा हिंदुस्थानातही होऊ लागली, १९२६ मध्ये इथला पहिला लोकसेवा आयोग स्थापन झाला आणि १९३७ मध्ये मुंबई-सिंध प्रांताचा. मुलाखतीची ही मांडणी इथेही रुजली.

याच सुमारास अमेरिकेत खासगी कारखानदार आपापल्या परीने माणूस पारखत होते. थॉमस एडिसनने नोकरीला येणाऱ्या पदवीधरांसाठी सुमारे दीडशे प्रश्नांची यादी केली. व्होल्गा नदी कुठे आहे, फ्रान्सच्या सीमेला कोणते देश लागतात, असले प्रश्न. १९२१ मध्ये ती वर्तमानपत्रांत फुटली आणि देशभर चेष्टेचा विषय झाली. तेव्हा अमेरिकेच्या दौऱ्यावर आलेल्या आइन्स्टाइनला कुणी तरी त्यातलाच एक प्रश्न टाकला. ध्वनीचा वेग किती? पुस्तकात सापडते ते मी डोक्यात बाळगत नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन तो मोकळा झाला. एडिसनच्या कारखान्यात त्याला नोकरी मिळाली नसती.

याहून बोचरा पुरावा मानसशास्त्रज्ञांनी दिला. हॅरी हॉलिंगवर्थने १९२२ मध्ये एक प्रयोग नोंदवला. विक्रीच्या धंद्यातल्या १२ मुरब्बी व्यवस्थापकांनी त्याच ५७ उमेदवारांच्या मुलाखती घेऊन त्यांना क्रम लावले. एकाच्या यादीत वर असलेला माणूस दुसऱ्याच्या यादीत तळाशी. समोरच्याला ओळखण्यात आपण तयार आहोत, असे प्रत्येकालाच वाटत होते. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि गुण देण्याचे निकष आधी ठरलेले, ही नंतर आलेली शिस्तबद्ध मुलाखत याच फजितीतून निघाली. आपल्याकडे ती अजून पुरती पोचलेली नाही.

स्वातंत्र्यानंतर टेबलापलीकडची माणसे बदलली, पण त्यांच्या मनातला अधिकारी लगेच बदलला नाही. सी. बी. मुथम्मा परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या स्त्री अधिकारी. ही सेवा बाईसाठी नव्हे, असे मुलाखत मंडळाच्या अध्यक्षांनीच त्यांना पटवून पाहिले. १९५१ च्या तुकडीतल्या ॲना राजम जॉर्ज यांनाही मंडळाने ‘स्त्रियांना शोभणाऱ्या’ दुसऱ्या सेवा सुचवल्या. त्यांनी आयएएसच मागितली आणि मद्रास प्रांत निवडला. घोडेस्वारी आणि नेमबाजी शिकलेल्या या बाई होसूरला उपजिल्हाधिकारी म्हणून गेल्या. अरविंद घोषांना जे जमले नाही किंवा करायचे नव्हते, ते यांनी करून दाखवले, तरी शंका त्यांच्यावरच!

चिठ्ठीचे घराणे मुलाखतीत जिवंत आहे, हे पुढे न्यायालयांनीही मान्य केले. श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांची, त्यातही वडील काय करतात, राहता कुठे, असले प्रश्न. अजय हसिया खटल्यात (१९८१) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून अधिक वजन देणे मनमानीचे ठरेल. मुलाखती टेपवर ध्वनिमुद्रित कराव्यात, असेही सुचवले. मग १९८५ मध्ये हरियाणाच्या लोकसेवा आयोगाचे प्रकरण आले. जाहिरात ६१ जागांची आणि मुलाखतीला बोलावले १,३०० हून अधिक उमेदवार. निवडलेल्यांत आयोगाच्या सदस्यांचे नातलगही होते. नातलग मुलाखतीला आला तर सदस्याने उठून जावे, आणि मुलाखतीचे वजन केंद्रीय आयोगाप्रमाणे १२.२ टक्क्यांवर ठेवावे, असा न्यायालयाचा कौल पडला. हा आकडा हवेतला नव्हता. तेव्हा केंद्राच्या परीक्षेत २,०५० पैकी २५० गुण मुलाखतीचे होते.

शेवटी केंद्र सरकारने खालच्या पदांपुरती मुलाखतच काढून टाकली. १ जानेवारी २०१६ पासून अराजपत्रित ‘ब’, ‘क’ आणि ‘ड’ गटाच्या बहुतेक पदांची निवड केवळ लेखी परीक्षेवर होते. लाच आणि वशिला शिरायची वाट तीच होती, हे सरकारने उघड बोलून दाखवले. वरच्या पदांवर मात्र मुलाखत ठाण मांडून आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या २,०२५ गुणांत तिचे २७५, आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या नव्या वर्णनात्मक राज्यसेवा परीक्षेतही आता हेच दोन आकडे.

या २७५ साठी पुण्याच्या सदाशिव पेठेत, मुंबईच्या राज्य प्रशासकीय व्यावसायिक शिक्षण संस्थेत आणि दिल्लीत मॉक इंटरव्ह्यूंचा हंगाम भरतो. सगळी तयारी एका कागदाभोवती फिरते. त्याला मुले ‘डॅफ’ म्हणतात. म्हणजे परीक्षेचा सविस्तर अर्ज. त्यात गाव, शाळा, पदवीचा विषय, आधीची नोकरी, छंद. लातूरकडचा मुलगा किल्लारीच्या भूकंपावर वाचून जातो, नाशिकचा कांद्याच्या लिलावावर. ट्रेकिंग हा छंद लिहिणाऱ्याला हरिश्चंद्रगडाची उंची आणि कोकणकड्याची कथा आलीच पाहिजे. वाचन असे मोघम लिहिणारा हमखास अडकतो, कारण शेवटचे पुस्तक कोणते हा प्रश्न ठरलेलाच. मराठीतून मुख्य परीक्षा दिलेल्यांना मुलाखतही मराठीत मागता येते. मग मंडळासोबत दुभाषी बसतो, आणि उत्तराची वाक्ये आखूड ठेवायची, दुभाष्याला दम घेऊ द्यायचा, ही युक्ती जुने उमेदवार नव्यांना शिकवतात.

संघ लोकसेवा आयोगाच्या दिल्लीतल्या कचेरीत, धोलपूर हाऊसमध्ये, अध्यक्षासह पाचेक जणांचे मंडळ, वेळ साधारण अर्धा तास. कोणते मंडळ वाट्याला येईल, हे उमेदवाराला त्या दिवशीच कळते, आणि त्याचे लेखी गुण मंडळासमोर नसतात. १९८५ च्या खटल्यात वजन १२.२ टक्के ठरले होते. २७५ ला २,०२५ ने भागले, की साडेतेराच्या वर जाते.